आयर्लंडमधल्या स्त्रीवादी, 'बाई' हा शब्द आणि आमचा मोडलेला वाचनगट

कोरिबकाठी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, कुणाशी बोलावं कळेना म्हणून शेवटी इथे धागा काढतेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी मूळची बेळगावची, २००९ पासून आयर्लंडमधल्या गॅलवेत आहे. आमचा एक वाचनगट आहे, नऊ-दहा जणी, मी सोडून बाकी सगळ्या इथल्याच. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, पुस्तकावर बोलायचं, चहा प्यायचा. २०१८ साली गर्भपाताच्या सार्वमताच्या वेळी यातल्याच सहा जणींबरोबर मी भर पावसात दारोदार फिरलेय. आणि आता याच गटात जॉन बॉयनवरून असं भांडण झालं की दोघी उठून गेल्या, एकीने व्हॉट्सॲप ग्रुप सोडला आणि जिच्या घरी बसलो होतो ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. रडणारी आणि उठून गेलेल्या, सगळ्याच तीस-तीस वर्षं चळवळीत असलेल्या बायका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉयन हा आयरिश लेखक, स्वतः गे आहे. २०२५ मध्ये त्याची 'अर्थ' ही छोटी कादंबरी ब्रिटनच्या पोलारी पुरस्काराच्या लांब यादीत आली. हा पुरस्कार समलिंगी, ट्रान्स (म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं न मानणारे) वगैरे लेखनासाठीच असतो. त्याच सुमारास बॉयनने जे. के. रोलिंगच्या बाजूने लेख लिहिला आणि स्वतःला तिच्यासारखाच 'टर्फ' म्हणवून घेतलं. ट्रान्स बायांना बाई न मानणाऱ्या स्त्रीवाद्यांना हिणवायला हा शब्द वापरतात. झालं, यादीतल्या बऱ्याच लेखकांनी नावं मागे घेतली, दोन परीक्षक बाहेर पडले, शेकडो लेखकांनी पत्रावर सह्या केल्या आणि ऑगस्टमध्ये त्या वर्षीचा पुरस्कारच थांबवला.

पण आमच्याकडे बोलता बोलता बॉयन पाच मिनिटांत बाजूला पडला आणि 'बाई कोण, हे कुणी ठरवायचं' यावर गाडी आली. आता हा प्रश्न या देशात इतका का झोंबतो ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. इथल्या १९३७ च्या घटनेत अजूनही लिहिलेलं आहे की स्त्री 'घरातल्या तिच्या आयुष्याने' राज्याला आधार देते. १९७३ पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची. गर्भनिरोधकं विकायला १९३५ पासून बंदी, म्हणून १९७१ साली डब्लिनच्या बायका ट्रेनने बेलफास्टला जाऊन ती घेऊन आल्या आणि कस्टमवाल्यांसमोर उघड दाखवत परतल्या. शेवटची मॅग्डलिन लाँड्री १९९६ ला बंद झाली, म्हणजे मी बेळगावात शाळेत होते तेव्हा इथे 'बिघडलेल्या' पोरींना नन्सच्या ताब्यात कपडे धुवायला ठेवत होते. चर्च आणि सरकार मिळून बाई म्हणजे काय ते सांगणार आणि बाईने ऐकायचं, हे इथल्या पन्नाशी-साठीच्या प्रत्येकीने अंगावर सोसलेलं आहे.

आणि सविता. सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची, दातांची डॉक्टर, २८ ऑक्टोबर २०१२ ला इथे गॅलवेत वारली. सतरा आठवड्यांचा गर्भ, तो टिकणार नाही हे डॉक्टरांना माहीत, ती मागत होती तरी गर्भपात केला नाही, जंतुसंसर्ग झाला, ३१ व्या वर्षी संपली. त्या आठवड्यात आईचा फोन आला, तू आत्ताच्या आत्ता परत ये म्हणाली. मी गेले नाही. २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातबंदीची आठवी दुरुस्ती काढून टाकली तेव्हा डब्लिनमध्ये पोर्टोबेलोच्या भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं आणि लोक त्याच्याभोवती चिठ्ठ्या चिकटवत होते, सॉरी सविता, उशीर झाला सविता. मी तिथे उभी राहून वाचल्यात त्या.

हे का सांगतेय, तर आमच्या दारोदार फिरणाऱ्या तुकडीत एक ट्रान्स बाई होती. पन्नाशीची, उंच, मोठ्या आवाजाची. ती स्वतः कधी गरोदर राहणार नव्हती तरी रोज संध्याकाळी यायची, कुत्रा असलेल्या घरांना पहिली तीच जायची कारण मी घाबरायचे. इंग्लंडमधल्या काही स्त्रीवादी मंडळी २०१८ च्या सुरुवातीला डब्लिनला येऊन लिंगओळखीच्या कायद्यावर सभा घेणार होत्या, तेव्हा इथल्या हजारावर लोकांनी सह्या करून त्यांना उघड पत्र लिहिलं, की तुमची भाषणं आम्हाला नकोत, ट्रान्स बाया आमच्यात आहेत आणि आमच्याबरोबर लढतायत, आणि इंग्लंडकडून आम्हाला शिकवणी घ्यायची सवय आता उरलेली नाही. त्या पत्रावर माझीही सही आहे. अजूनही मागे घेणार नाही.

मग मला सलतंय काय? परवा उठून गेलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, 'या देशात मला आयुष्यभर गप्प बस म्हणून सांगितलं, आधी फादरने, आता तुम्ही.' त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे अभिमानाने सांगतात की इंग्लंडसारखं भांडण आयर्लंडमध्ये झालंच नाही. झालं नाही, का होऊच दिलं नाही? तुम्हाला काय वाटतं, मनापासून लिहा. शिव्या नकोत, कुठल्याच बाजूने.

खडीसाखर

कोरिब, सविताचं वाचून पोटात कालवलं गं. मी सत्तरीची आहे, मला यातलं निम्मं कळत नाही पण समजून घ्यायचंय. एक सांग, जन्मदाखल्यावर काय लिहिलंय याचा एवढा अट्टहास कशाला? माणूस आपल्या घरात हवं तसं राहू शकतो ना?

कोरिबकाठी

काकू, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण इथलं सगळं त्या दाखल्यावरूनच सुरू झालं. लिडिया फॉय म्हणून एक बाई आहेत, त्याही दातांच्या डॉक्टर, किल्डेअर परगण्यातल्या अथाय गावच्या. दाखल्यावर पुरुष असं लिहिलेलं, त्या बाई म्हणून जगत होत्या. १९९३ मध्ये त्यांनी दाखला बदलून मागितला. पासपोर्ट, नोकरी, बँक, जिथे जाल तिथे दाखला काढा की समोरचा वरून खाली बघणार, परत परत सगळ्यांना आपली कहाणी सांगा, अशाने माणूस घरातसुद्धा सुखाने राहू शकत नाही हो. २००२ ला उच्च न्यायालयात हरल्या, आणि दोनच दिवसांनी स्ट्रासबर्गच्या युरोपियन न्यायालयाने ब्रिटनच्या एका खटल्यात अगदी उलटा निकाल दिला. मग पुन्हा कोर्ट. २००७ ला इथल्या न्यायालयाने सांगितलं की आयर्लंडचा कायदा युरोपियन मानवी हक्क कराराशी जुळत नाही, असं जाहीर व्हायची ही या देशातली पहिलीच वेळ. तरी सरकार २०१० पर्यंत अपिलात बसून होतं. कायदा झाला २०१५ ला. दाखला हातात यायला बावीस वर्षं लागली.

देवगडहापूस

कायद्याची बाजू जरा नीट मांडतो, कारण यावर अर्धवट माहितीवर भांडणं होतात. २०१५ चा आयर्लंडचा कायदा असा आहे की १८ वर्षांवरच्या माणसाने शपथपत्र द्यायचं, बस, डॉक्टरचा दाखला लागत नाही, ऑपरेशन लागत नाही. १६-१७ वर्षांच्यांना मात्र कोर्टात जावं लागतं, आईबापांची संमती आणि वैद्यकीय कागद लागतात, १६ च्या खाली काहीच नाही. आणि प्रमाणपत्र मिळालं की 'सर्व कारणांसाठी' नवं लिंग धरलं जातं, असे त्या कायद्याचे शब्द आहेत. इथेच ब्रिटनशी फारकत होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ ला सांगितलं की त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जैविक स्त्री. तो निकाल आयर्लंडला लागू नाही, कायदेच वेगळे. तरी त्या दिवसापासून आयरिश पेपरांत हा विषय पुन्हा वर आला.

अजून एक, २०१५ ला हा कायदा आला तेव्हा फार कुणाचं लक्षच नव्हतं. त्याच वर्षी २२ मे ला समलिंगी विवाहाचं सार्वमत झालं, ६२ टक्के हो म्हणाले, सगळा देश त्या आनंदात. जुलैमध्ये हा कायदा मंजूर झाला. विरोधकांची तक्रार हीच आहे की चर्चा झालीच नाही. समर्थक म्हणतात फॉयबाईंची बावीस वर्षं म्हणजे चर्चाच होती.

स्पष्टवक्ता_सोलापूर

पाश्चात्त्यांची ही खुळं आपल्याकडे आणू नका म्हणजे झालं. तिकडे लोकांना रिकामा वेळ आहे.

वाचनवेडी

दादा, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्येच सांगितलंय की आपलं लिंग स्वतः ठरवायचा हक्क माणसाला आहे, म्हणजे आयर्लंडच्या एक वर्ष आधी. आपल्या जत्रांत, यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले, बाईच्या वेषात राहणारे, शेकडो वर्षं आहेत. हे कुणी तिकडून आणलेलं नाही. आणि नंतर आपल्या २०१९ च्या कायद्याने परत जिल्हाधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र आणायला लावलं, ते आयर्लंडपेक्षा मागेच गेलं.

आता कोरिबताई, पुस्तकांचं बोलते कारण ते मला जरा कळतं. बॉयनचं हे पहिलं प्रकरण नव्हे. २०१९ मध्ये त्याने किशोरांसाठी एक कादंबरी लिहिली, 'माय ब्रदर्स नेम इज जेसिका', मोठा भाऊ ट्रान्स मुलगी आहे हे कळल्यावर धाकट्या भावाला काय वाटतं त्याची गोष्ट. तेव्हाच ट्रान्स वाचकांनी विचारलं होतं की जेसिकाच्या मनात काय चाललंय ते कुठे आहे? नावातच तिला भाऊ म्हटलंय. मला तो आक्षेप पटतो. ज्याच्यावर बेततं तो गप्प आणि बाजूला उभा असलेला बोलतो, असं ते पुस्तक आहे. पण त्यासाठी पुस्तकावर टीका करावी, चिरफाड करावी. पुरस्कारच थांबवून यादीतल्या बाकीच्या लेखकांचं वर्ष बुडवणं मला नाही पटलं. त्यात ट्रान्स लेखकांचंच नुकसान जास्त.

आणि आयर्लंडमध्ये ट्रान्स लेखिका आहेत ना, सूला इमॅन्युएलची 'वाइल्ड गीझ' २०२३ मध्ये आली, कोपनहेगनमध्ये एकटी राहणाऱ्या आयरिश ट्रान्स मुलीची गोष्ट. वाद घालताना बॉयनचं नाव शंभरदा आणि हिचं एकदाही नाही, हे मला फार लागतं. तुमच्या गटाने ते वाचलं का?

कोरिबकाठी

नाही वाचलं. तू म्हणालीस तेव्हा लक्षात आलं, आमच्या यादीत ते कधी सुचवलंही नाही कुणी. मी सुद्धा नाही.

सानिका_लीड्स

मी दुसऱ्या बाजूची आहे, स्पष्टच सांगते, आणि मला इथून काढलंत तरी चालेल पण शेवटपर्यंत वाचा.

मी नवऱ्याबरोबर लीड्सला आहे, त्याआधी चार वर्षं डब्लिनला होते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे ट्रान्स संघटना, ॲम्नेस्टी आयर्लंड, नॅशनल विमेन्स कौन्सिल यांनी मिळून पत्र काढलं, त्यात माध्यमांना आणि राजकारण्यांना सांगितलं होतं की द्वेषाची मतं असणाऱ्यांना, अतिउजव्यांशी जुळलेल्यांना प्रतिनिधित्व देऊ नका. आता सांगा, द्वेष म्हणजे काय हे ठरवणार कोण? माझ्या ओळखीच्या एका आयरिश शिक्षिकेने फक्त विचारलं होतं की तुरुंगात काय करायचं. लिमरिकच्या महिला तुरुंगात बाई असल्याचं प्रमाणपत्र घेतलेला, हिंसेची नोंद असलेला ट्रान्स कैदी ठेवला होता, हे काही कुणी रचलेलं नाही, पेपरात आलंय, कोर्टात आलंय. तिथल्या कैदी बायांना कुणी विचारलं? त्या गरीब, व्यसनी, मार खाल्लेल्या बाया, त्यांच्या बाजूने पत्र कोण लिहिणार?

वाचनवेडी पुस्तकांचं बोलली म्हणून मीही बोलते. १९९१ मध्ये आयरिश साहित्याचा फील्ड डे संग्रह निघाला, तीन जाडजूड खंड, संपादक सगळे पुरुष, आणि बायका जवळपास नाहीतच. कवयित्री इव्हान बोलंड आणि बाकीच्या भांडल्या तेव्हा २००२ मध्ये बायकांच्या लेखनाचे दोन वेगळे खंड काढावे लागले. २०१५ मध्ये ॲबी थिएटरने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय रंगभूमीने, १९१६ च्या उठावाच्या शताब्दीसाठी कार्यक्रम जाहीर केला, दहा नाटकांत बाईचं एक. त्यावरून 'वेकिंग द फेमिनिस्ट्स' हे आंदोलन उभं राहिलं. हे सगळं कशावर उभं होतं? मोजण्यावर. बाया किती आहेत ते मोजलं म्हणून चोरी पकडली गेली. बाई म्हणजे कोण हेच धरता येईनासं झालं तर मोजायचं काय? माझा मुद्दा एवढाच आहे. हेलन जॉइस डब्लिनचीच, तिने यावर अख्खं पुस्तक लिहिलं तर तिला जणू बाहेरची करून टाकलं.

मुलांचंही बोला. आयर्लंड आपली लिंगओळखीचा प्रश्न असलेली मुलं लंडनच्या टॅविस्टॉक क्लिनिकला पाठवायचं, त्या क्लिनिकबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की २०२४ ला ते बंद झालं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला की अशा मुलांवरच्या उपचारांचे पुरावे फार कच्चे आहेत. जे लोक हे आधीपासून म्हणत होते त्यांना अतिउजवे म्हटलं गेलं. माफी कुणी मागितली?

वाचनवेडी

सानिका, मोजायचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण ॲबीच्या दहा नाटकांत एक बाई होती त्याचं कारण ट्रान्स बाया होत्या का गं? उरलेली नऊ पुरुषांचीच होती. आपली जागा ज्यांनी खाल्ली ते सोडून आपण कुणाशी भांडतोय ते बघ ना एकदा.

सानिका_लीड्स

खाल्ली असं मी म्हटलंच नाही. शब्द राहू द्या एवढंच म्हणतेय.

देवगडहापूस

शब्दांवरून २०२४ आठवलं. ८ मार्चला, मुद्दाम महिलादिनी, सरकारने दोन सार्वमतं ठेवली. त्यातल्या एकात घटनेतलं ते 'घरातलं आयुष्य' वालं कलम काढून घरातल्या सगळ्यांच्या देखभालीचं नवं कलम घालायचं होतं. नॅशनल विमेन्स कौन्सिल हो म्हणा सांगत होती. आणि ७३.९ टक्के लोक नाही म्हणाले, आयर्लंडच्या सार्वमतांच्या इतिहासात नकाराचं एवढं प्रमाण कधीच नव्हतं. जेंडर क्रिटिकल, म्हणजे बाई ही शरीरावरूनच ठरते म्हणणाऱ्या, स्त्रीवादी गटांचं म्हणणं होतं की घटनेतले 'स्त्री' आणि 'माता' हे शब्दच जातील. पण सगळा नकार त्यांचा नव्हे हे लक्षात घ्या, अपंगांच्या हक्कासाठी लढणारेही विरोधात होते, कारण नव्या कलमात सरकार फक्त 'प्रयत्न करील' असं होतं, बंधन काही नाही.

कोरिबकाठी

देवगड, मी त्या दिवशी हो म्हणाले होते आणि आमच्या गटातल्या तिघी नाही म्हणाल्या होत्या, हे मला परवाच्या भांडणात पहिल्यांदा कळलं. दीड वर्ष कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि विचार करा, ज्या कलमाविरुद्ध या बायका १९७० पासून बोलत आल्या तेच कलम वाचवायला त्यातल्या काहींनी मत दिलं, फक्त 'स्त्री' हा शब्द तिथे आहे म्हणून. एवढी भीती मनात असेल तर कुणीतरी ती ऐकून घ्यायला हवी होती ना.

सानिका, तुझं शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. ते २०२० चं पत्र मलाही खटकलं होतं आणि मी तेव्हा काही बोलले नाही, हे खरं. २०२२ च्या जूनमध्ये सरकारी रेडिओ आरटीईवरच्या जो डफींच्या लाइव्हलाइन या फोन-कार्यक्रमात काही दिवस याच विषयावर फोन आले, तर डब्लिन प्राइडने (तिथल्या समलिंगी-ट्रान्स महोत्सवाने) आरटीईबरोबरची भागीदारी तोडली. मला वाटतं ते चुकलं. दुसरीकडे हेही बघ, तेव्हा ट्रान्स मुलांच्या आया रेडिओ बंद करून बसल्या होत्या, कारण रोज दुपारी आपल्या पोराचं असणं-नसणं फोनवर चर्चेला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं.

तुरुंगाचं तुझं बरोबर आहे. तिथे माणसागणिक बघून, धोका तपासून ठरवायला हवं आणि कैदी बायांना विचारून. पण एका कैद्यावरून हजारो साध्या माणसांचा दाखला काढून घ्यायचा म्हटलं तर मी नाही म्हणणार. रग्बीचंही बघ, आयरिश रग्बी संघटनेने २०२२ ला ट्रान्स बायांना महिलांच्या सामन्यांतून वगळलं, देशभरात नोंद असलेल्या किती होत्या? दोन. नियम कदाचित बरोबरही असेल, मला खेळातलं कळत नाही, पण त्या दोघींना आपल्या टीमच्या व्हॉट्सॲपवर काय वाटलं असेल हे माझ्या मनातून जात नाही.

आणि अतिउजव्यांची भीती हवेतली नाही गं. २०२३ च्या उन्हाळ्यात कॉर्कच्या शहर वाचनालयात किशोरांच्या एका पुस्तकावरून लोक आत शिरून ग्रंथपालांना त्रास देत होते, मोबाइलवर चित्रण करत होते, एका मोर्चाच्या दिवशी वाचनालय बंद ठेवावं लागलं. त्या लोकांना तुझ्या तुरुंगातल्या बायांचं काही पडलेलं नाही. तेच लोक उद्या मला 'परत जा' म्हणणार आहेत. तू त्यांच्यातली नाहीस हे मला कळतं. पण त्यांच्या आणि तुझ्या फलकावर जेव्हा एकच वाक्य असतं तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या माझ्यासारखीने काय समजायचं, हे तू पण सांग.

सानिका_लीड्स

ते मला पण त्रास देतं. माझ्याकडे उत्तर नाही याचं. माझा मुद्दा चुकीच्या माणसाने उचलला म्हणून मी तो टाकून देऊ का?

अभंग२७

चार दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो. मी ट्रान्स पुरुष आहे, वय २७, गडहिंग्लजचा, आता पुण्यात.

पहिली गोष्ट, या सगळ्या भांडणात आम्ही नसतोच. सगळीकडे ट्रान्स बाया, बाथरूम, तुरुंग. आमच्याबद्दल फक्त 'बिचाऱ्या फसलेल्या पोरी' असं बोलतात. आयर्लंडच्या २०१८ च्या गर्भपाताच्या कायद्यात स्त्री म्हणजे 'कोणत्याही वयाची स्त्रीलिंगी व्यक्ती' अशी व्याख्या आहे असं वाचलं होतं. माझ्यासारखा तिथे असेल, दाखल्यावर पुरुष आणि पोटात गर्भ, तर त्याने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं? हा काही थट्टेचा प्रश्न नाही, आमच्यातल्या लोकांवर ही वेळ येते.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडे गडहिंग्लज, कोल्हापूर भागात बायका, पोरी सर्रास 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणायची, मीही म्हणायचो, कुणाला काही वाटायचं नाही. सहावीत पुण्याच्या शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी 'मॅडम मी बाहेर जातो' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. मॅडमनी दहा वेळा म्हणायला लावलं, मी जाते, मी जाते, मी जाते. त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं की माझ्यात काही चुकीचं आहे. म्हणजे मला घडवलं कुणी? पाश्चात्त्यांनी? सानिकाताई, तुम्ही म्हणता शब्द राहू द्या. राहू द्या ना. माझा 'जातो' पण राहू द्या.

खडीसाखर

बाळा, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. जेवलास का?

अभंग२७

हो आज्जी, जेवलो.

कोरिबकाठी

अभंग, मी बेळगावची आहे, माझी आई अजून फोनवर 'बाजारात जाऊन येतो गं' म्हणते. इतकी वर्षं मला ते गावठी वाटायचं, मी इथे मंडळात मुद्दाम पुणेरी बोलते. तुझं वाचून आज आईला फोन केला आणि नुसतं तिचं बोलणं ऐकत बसले.

इथल्या आयरिश भाषेत एक गंमत आहे, मुलीला 'कॅलीन' म्हणतात आणि व्याकरणात तो शब्द पुल्लिंगी आहे. तरी पुढे सर्वनाम मात्र 'ती' चं येतं. कुणाला खटकत नाही. आपल्या मराठीत मात्र तोंड उघडलं की बाजू घ्यावी लागते, क्रियापदच सांगून टाकतं.

वाचनवेडी

यावरून डॉ. जेम्स बॅरी आठवले. जन्म कॉर्कचा, १७८९ च्या आसपास, जन्मनाव मार्गारेट बल्कली. एडिंबरोला पुरुष म्हणून वैद्यकी शिकले, १८१२ ला पदवी घेतली, ब्रिटिश सैन्यात सर्जन झाले. १८२६ मध्ये केपटाऊनला सिझेरियन केलं, आई आणि बाळ दोघंही जगले, त्या काळात ही केवढी गोष्ट. त्या बाळाचं नावच जेम्स बॅरी ठेवलं. सैन्यातल्या दवाखान्यांचे इन्स्पेक्टर जनरल होऊन निवृत्त झाले. १८६५ ला लंडनमध्ये वारले तेव्हा अंग धुणाऱ्या बाईने बघितलं आणि बोभाटा झाला. त्यांची इच्छा होती की मेल्यावर अंगावरचे कपडे काढू नयेत.

आता एक बाजू म्हणते ही बाई होती, डॉक्टर होण्यासाठी तिला पुरुषाचा वेष घ्यावा लागला, ती आमची. दुसरी म्हणते पन्नास वर्षं जो पुरुष म्हणून जगला आणि मेल्यावरही तसंच राहू द्या म्हणाला, तो पुरुषच. २०१९ मध्ये एका अमेरिकन लेखिकेने बॅरींवरच्या कादंबरीत 'ती' वापरणार म्हटल्यावर मोठा वाद झाला होता. बघा, मी वर 'बॅरी वारले' लिहिलं तेव्हाच बाजू घेतली. 'वारल्या' लिहिलं असतं तरी घेतलीच असती.

सानिका_लीड्स

मी 'वारल्या' लिहिलं असतं. १८१२ ला बाईला वैद्यकीला प्रवेशच नव्हता, तो अन्याय दिसायला हवा. 'वारले' लिहिलं की एडिंबरोचं दार बंद होतं हे पुसलं जातं.

अभंग, तुझ्याबद्दल मात्र मी 'तो'च लिहिणार. तू जिवंत आहेस आणि तू सांगितलंस. माझी बाकीची मतं बदललेली नाहीत, खोटं बोलणार नाही. पण मॅडमनी तुला दहा वेळा म्हणायला लावलं ते वाचून मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं माझ्या मुद्द्यांमध्ये कुठे बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

अभंग२७

चालेल ताई. मी तुमचं तुरुंगाचं दोनदा वाचलं.

कोरिबकाठी

आमच्या गटाचं सांगते. उठून गेलेल्यांपैकी जी ते फादरचं वाक्य बोलली होती तिला काल मेसेज केला, की पुढच्या महिन्यात माझ्या घरी जमू, बॅरींचं चरित्र वाचू, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात सूला इमॅन्युएल. तू बॅरींना 'ती' म्हण, मी 'तो' म्हणेन, कुणी कुणाला थांबवायचं नाही. २०१८ च्या तुकडीतल्या माझ्या मैत्रिणीलाही विचारलंय, ती तेव्हाही लगेच हो म्हणाली नव्हती, आताही म्हणाली विचार करते, कारण जिथे आपल्याबद्दल बोलणार तिथे जाऊन बसायला दर वेळी अंगात बळ नसतं. तिला मी आग्रह केला नाही.

पहिलीचं उत्तर आज सकाळी आलं. येईन म्हणाली, आणि विचारलं, येताना काय आणू.